बडोद्याहून न्यूझीलंडला: लांबच्या विमानप्रवासाची तयारी, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, अहमदाबादच्या विमानतळावरून रात्री दीड वाजता बडोद्याला परत आलो. विमान आम्हाला न घेता गेलं होतं. न्यूझीलंडचा व्हिसा हातात होता, तिकिटं पक्की होती, बॅगांचं वजनही बरोबर भरलं होतं. पण आमचं विमान सिडनीला बदलायचं होतं, आणि भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. हे तिकीट काढून देणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. एक्सप्रेसवेवर गाडीत कुणी बोलत नव्हतं. सासूबाई मागे बसून मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या.

सहा दिवसांनी दुसऱ्या वाटेची तिकिटं काढून आम्ही गेलो, आणि सहल फार सुंदर झाली. त्यानंतर दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांना मी तयारीत मदत केली. दरवेळी एकच गोष्ट दिसली: विमान आकाशात असताना काही बिघडत नाही, जे बिघडतं ते जोडांवर. घर ते विमानतळ हा एक जोड, एक विमान ते दुसरं विमान हा दुसरा, आणि उतरल्यावर त्या देशाचा दरवाजा हा तिसरा. लोक हॉटेलं आणि प्रेक्षणीय स्थळं यांच्यावर महिनाभर बोलतात आणि जोडांवर पाच मिनिटंही नाही. म्हणून खालच्या पायऱ्या त्या जोडांच्या क्रमाने लिहिल्या आहेत. उदाहरण न्यूझीलंडचं आहे, पण देश दुसरा असला तरी क्रम हाच ठेवा.

१. आधी महिना ठरवा

तिथले ऋतू आपल्या उलटे. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथला उन्हाळा, सगळ्यात गर्दीचा आणि महाग काळ. आपल्या मुलांची मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथे शरद संपून थंडी सुरू होते आणि दिवस लहान होतात. बर्फ बघायची हौस असेल तर जून-जुलै. नाहीतर मे महिन्यात जाऊन हिरमुसू नका. दिवाळीची सुट्टी मला सगळ्यात योग्य वाटते. तिथे वसंत असतो, डोंगरांवर बर्फ शिल्लक असतो आणि उन्हाळ्याची गर्दी सुरू झालेली नसते.

आपल्या बाजूचंही गणित बघा. उत्तरायण आटोपलं की परदेशात राहणारे आपले लोक परत निघतात, आणि फेब्रुवारीत तिकडची सत्रं सुरू होतात म्हणून विद्यार्थीही त्याच सुमाराला जातात. तेव्हा अहमदाबादहून पूर्वेला जाणारी विमानं भरलेली असतात. तारखा पुढेमागे करता येत असतील तर तो पंधरवडा टाळा.

२. पासपोर्ट कपाटातून काढा आणि खरंच उघडून वाचा

न्यूझीलंडहून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू असावा लागतो. वाटेतले देश आणि विमान कंपन्या सहा महिने मागतात, तेव्हा सहा महिने धरूनच चाला. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तो कधी संपला हे घरात कुणाच्या लक्षात नसतं. नूतनीकरणासाठी बडोद्यातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, अहमदाबादला जायची गरज नाही.

आता नावाचा प्रश्न. आपल्या मराठी घरांत हा हमखास निघतो. पासपोर्ट लग्नाआधीच्या नावाचा, पॅन कार्ड सासरच्या नावाचं, बँकेत आणखी तिसरंच. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका रकान्यात असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. व्हिसाच्या अर्जात आणि तिकिटावर अक्षरन् अक्षर तसंच हवं. घरी 'सुमनताई' म्हणतात म्हणून तिकीट सुमनच्या नावाने आणि पासपोर्टवर सुमित्रा, असं एका घरात मी स्वतः पाहिलं आहे. ते निघायच्या आधी लक्षात आलं म्हणून निभावलं. नावं जुळत नसतील तर विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा आणि सगळी बुकिंग पासपोर्टवरच्या नावानेच करा.

३. वाट कागदावर काढा, तिकीट अजून घेऊ नका

भारतातून न्यूझीलंडला थेट विमान नाही. कुठेतरी बदलावंच लागतं. बडोद्याहून निघणाऱ्याला तीन मार्ग पडतात.

पहिला, गाडीने अहमदाबाद आणि तिथून सिंगापूर किंवा क्वालालंपूर. मला हा सगळ्यात सोपा वाटतो. अहमदाबाद ते सिंगापूर साधारण साडेपाच तास, सिंगापूर ते ऑकलंड साधारण दहा तास.

दुसरा, रेल्वेने मुंबई. मुंबईहून पर्याय जास्त आणि कधीकधी भाडंही कमी. हा मार्ग घेतलात तर मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊ नका, बोरिवलीला उतरा. विमानतळ तिथून जवळ पडतो. आणि ज्या दिवशी विमान त्याच दिवशीची गाडी धरू नका. पावसाळ्यात वापी-पालघरच्या पट्ट्यात पाणी साचलं की गाड्या किती खोळंबतात हे आपल्याला नव्याने सांगायला नको. आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकाकडे मुक्काम करा.

तिसरा, हरणीच्या आपल्याच विमानतळावरून दिल्ली किंवा मुंबई आणि पुढे परदेश. सगळं एकाच तिकिटावर असेल तर बॅगा इथेच देऊन मोकळं होता येतं, म्हाताऱ्या माणसांना हे फार सोयीचं. पण बडोद्याहून दिवसात विमानं मोजकी. सकाळचं चुकलं किंवा रद्द झालं तर पुढचं सगळं कोसळतं. म्हणून मध्ये भरपूर तास ठेवा.

दुबई किंवा दोहाहूनही ऑकलंडला जाता येतं, पण आधी तीन तास पश्चिमेला जायचं आणि मग सोळा-सतरा तास सलग बसून पूर्वेला यायचं. तरुण असाल, भाडं खूपच कमी मिळत असेल तर विचार करा. सासूबाईंना घेऊन मी तो मार्ग कधीच घेणार नाही. दहा तासांनंतर पाय मोकळे करायला मिळणं याची किंमत त्या वयातच कळते.

एक युक्ती फार उपयोगी पडली. जायचं ऑकलंडला आणि परतायचं क्राइस्टचर्चहून. सिंगापूरहून दोन्ही शहरांना विमानं आहेत. तिकीट शोधताना 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडला की हे एकाच तिकिटावर मिळतं. उत्तरेकडचं बेट बघून दक्षिणेकडच्या बेटावर उतरत जाता, आणि परत ऑकलंडला यायचे दोन दिवस वाचतात.

४. व्हिसा: ज्या देशात जायचं त्याचा, आणि ज्यात विमान बदलायचं त्याचाही

न्यूझीलंडचा पर्यटक व्हिसा ऑनलाइन मिळतो, पासपोर्टवर शिक्का बसत नाही, ई-मेलने पत्र येतं. अर्ज निघायच्या किमान दोन महिने आधी करा. नवरा-बायको आणि अवलंबून असलेली मुलं एका अर्जात बसतात, पण आई-वडिलांचा अर्ज वेगळा. व्हिसा शुल्काबरोबर १०० न्यूझीलंड डॉलरचा पर्यटक कर माणशी द्यावा लागतो; १ ऑक्टोबर २०२४ पासून तो इतका झाला. शुल्क बदलत राहतं, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी न्यूझीलंड इमिग्रेशनच्या संकेतस्थळावरचाच आकडा खरा माना.

आम्ही जोडलेली कागदपत्रं अशी:

- पासपोर्टच्या पानाची रंगीत स्कॅन आणि नव्याने काढलेला फोटो
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, मुदत ठेवींच्या पावत्या
- नोकरीचं पत्र आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र, पगाराच्या स्लिपा. नवऱ्याचं दुकान आहे म्हणून जीएसटी नोंदणी
- आयकर विवरणपत्रं
- मुलीचा जन्मदाखला आणि शाळेचं पत्र
- सासूबाईंचं पेन्शनचं पासबुक आणि मुलगा खर्च उचलत असल्याचं पत्र
- दिवसवार प्रवासाचा बेत, एका पानात

पैशांचा नियम स्पष्ट आहे. माणशी महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर दाखवावे लागतात, राहण्याचे पैसे आधी भरलेले असतील तर ४००. पण शेवटच्या आठवड्यात मोठी रक्कम खात्यात टाकून आकडा फुगवू नका. ती रक्कम कुठून आली हे विचारतात आणि उत्तर द्यावं लागतं.

बडोदेकरांनी लक्षात ठेवायचं म्हणजे भाषा. जन्मदाखला, जमिनीचा सातबारा, सोसायटीची कागदपत्रं आपल्याकडे गुजरातीत असतात. प्रत्येकाला इंग्रजी भाषांतर जोडा. हे शेवटच्या दिवसावर ठेवू नका, चांगला भाषांतरकार वेळ घेतो.

पूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर तो अर्जात लिहा. नकारामुळे जितकं नुकसान होत नाही तितकं तो लपवल्याने होतं. आणि कुणी 'डमी तिकीट' करून देतो म्हणाला तर नको म्हणा. प्रवासाचा बेत पुरतो, खोटं बुकिंग जोडायचं कारणच नाही.

आता ज्याने आमचे सहा दिवस खाल्ले ते. तुमच्या वाटेतल्या प्रत्येक शहराचं नाव कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर हा प्रश्न लिहा: भारतीय पासपोर्टवर इथे विमान बदलायला काही लागतं का? ऑस्ट्रेलियातून जात असाल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो, त्याचा वर्ग ७७१. त्याला शुल्क नाही. फुकट मिळणारा कागद होता तो, आणि त्याच्यावाचून आमची चार तिकिटं गेली. सिंगापूरमध्ये दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील आणि तुम्ही विमानतळाच्या आतच राहणार असाल तर व्हिसा लागत नाही.

५. आता तिकीट, आणि एकच तिकीट

व्हिसा हातात आल्यावर तिकीट घ्या. थोडं महाग पडलं तरी चालेल. व्हिसा नाकारला गेला तर परत न मिळणारं तिकीट त्याहून महाग असतं.

सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर हवा. शोध संकेतस्थळं कधीकधी दोन वेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं जोडून स्वस्त भाडं दाखवतात आणि बारीक अक्षरात 'स्वतः बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करा' असं लिहितात. म्हणजे सिंगापूरला उतरून, इमिग्रेशनमधून बाहेर येऊन, बॅगा उचलून, पुन्हा रांगेत उभं राहायचं. बाहेर यायचं तर त्या देशात शिरायची परवानगी हवी. न्यूझीलंडचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना सिंगापूरमध्ये ९६ तासांची व्हिसामुक्त सवलत आहे, पण तिला अटी आहेत आणि शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचा. तिच्या भरवशावर वेगवेगळी तिकिटं घेऊ नका. शिवाय पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. एक पीएनआर असेल तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची.

दोन विमानांमध्ये किती वेळ? दीड तासाचं कनेक्शन तरुण माणसं धावत गाठतात. सोबत वयस्क असतील तर तीन ते चार तास घ्या. आम्ही साडेतीन घेतले होते, त्यात सासूबाईंनी चेहरा धुतला, चहा घेतला, जपही केला.

तारखेचा सापळा सांगते, कारण यात शिकलेली माणसं अडकतात. विमान '१२ तारखेला ००:४०' असेल तर ११ तारखेच्या रात्री जेवण करून घरातून निघायचं आहे. आणि उतरायची तारीख हाताने मोजा. आपल्या दिवाळीच्या दिवसांत न्यूझीलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं, एप्रिल ते सप्टेंबर साडेसहा. समजा शुक्रवारी रात्री ११ ला अहमदाबादहून उडालात. साडेपाच तास, मध्ये साडेतीन, पुढे दहा: एकोणीस तास. त्यात साडेसात मिळवा. ऑकलंडच्या घड्याळात रविवारची पहाट, दीड वाजलेला असेल. हॉटेल रविवारचं घेतलंत तर दुपारी दोनपर्यंत बाकावर बसावं लागेल. ते शनिवारच्या रात्रीचं घ्यायचं, आणि उशिरा येतोय असं त्यांना आधी लिहून कळवायचं.

तिकीट घेतल्याच्या दिवशीच तीन गोष्टी नोंदवा.

जेवण. शाकाहारी असाल तर 'एव्हीएमएल' हा कोड निवडा, ते आशियाई शाकाहारी जेवण. 'एचएनएमएल' म्हणजे हिंदू जेवण. नाव वाचून लोक तेच निवडतात आणि त्यात मांस निघू शकतं. आमच्या शेजारच्या काकूंनी अख्खा प्रवास पाव आणि फळांवर काढला तो यामुळेच. जैन जेवणाचा कोड 'व्हीजेएमएल'.

व्हीलचेअर. सासूबाई घरात चालत्या-फिरत्या आहेत म्हणून आधी त्या नको म्हणत होत्या. पण मोठ्या विमानतळावर एक-दीड किलोमीटर चालणं आणि तासभर रांगेत उभं राहणं वेगळं. सेवा मोफत असते, तिकिटावर आधी नोंदवावी लागते.

जागा. वयस्कांना कडेची, म्हणजे उठताना कुणाला ओलांडावं लागत नाही.

६. पैसे आणि विमा

यावर थोडक्यात. फॉरेक्स कार्ड घ्या, दोन-तीनशे डॉलर रोख ठेवा. एका प्रवासात ३,००० अमेरिकी डॉलरइतकं परकीय चलन रोखीने नेता येतं, आणि भारतीय रुपये २५,००० पर्यंत. तिकडे कार्ड घासताना यंत्र विचारतं: रुपयांत की न्यूझीलंड डॉलरमध्ये? नेहमी न्यूझीलंड डॉलर निवडा, रुपयांचा दर महाग लावतात. बँकेचे ओटीपी येणारं आपलं सिम बंद करू नका. सहलीचं पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर घेतात. पावती सांभाळा, आयकर भरताना तो वळता होतो.

विमा मात्र नीट घ्या. न्यूझीलंडमध्ये अपघात झाला तर पर्यटकालाही तिथल्या सरकारी योजनेतून, एसीसीतून, उपचारांसाठी मदत मिळते. हे ऐकून काही जण विमा टाळतात. पण आजारपण त्यात येत नाही, आणि माणसाला भारतात परत आणायचा खर्चही येत नाही. रक्तदाब, मधुमेह, जुनं ऑपरेशन, जे असेल ते विम्याच्या अर्जात लिहा. हप्ता थोडा वाढतो. न लिहिता घेतलेला विमा ऐन वेळी उपयोगाचा राहत नाही.

७. बॅगा, आणि विशेषतः खाऊ

इथे जरा थांबून वाचा, कारण आपण बडोदेकर खाऊशिवाय निघत नाही. लीलो चिवडा, भाकरवडी, खाखरे, मेतकूट, डिंकाचे लाडू, मुखवास, सगळं बॅगेत असतं.

न्यूझीलंड हा समुद्राने वेढलेला, शेती आणि पशुपालनावर जगणारा देश. बाहेरची एक कीड, एक फळमाशी त्यांची बागायत बुडवू शकते. म्हणून विमानतळावर बॅगा तपासतात, क्ष-किरण यंत्रं असतात, वास घेणारे कुत्रे असतात. खाण्याची वस्तू जाहीर न करता नेली आणि सापडली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. 'विसरले' हे उत्तर चालत नाही. पण जाहीर केलीत तर दंड नाही. फार तर वस्तू काढून घेतात. इतका सरळ नियम आहे. न्यूझीलंडला निघताना जो ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो (त्याबद्दल पायरी ८ मध्ये), त्यावर खाण्याच्या प्रश्नापुढे 'हो' लिहा आणि निर्धास्त राहा.

काय न्यायचं नाही: ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मध, घरचं तूप आणि दुधाची मिठाई, बियाणं. मुखवासातली बडीशेप, तीळ, धणाडाळ हे सगळं बी आहे. न्यायचंच असेल तर बंद पाकिटातलं, थोडं, आणि जाहीर करून. दुकानात पॅक केलेले, वर घटक लिहिलेले, कोरडे भाजलेले-तळलेले पदार्थ आमच्याकडे होते. अधिकाऱ्याने पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि जाऊ दिलं. घरच्या डब्यातल्या लाडवांचं उत्तर देणं कठीण, कारण त्यात काय आहे हे कुठे लिहिलेलं नसतं. सगळा खाऊ एकाच पिशवीत, बॅगेच्या वरच्या थरात ठेवा.

देवाच्या गोष्टीही आठवणीने बघा. प्रसादाचा नारळ, फुलं, तुळस बॅगेत नको. रुद्राक्षाची माळ हे बी आहे आणि तुळशीची माळ लाकूड. दोन्ही फॉर्मवर लिहा. सासूबाईंनी त्यांची माळ लिहून दिली, अधिकाऱ्याने हातात घेऊन पाहिली आणि आदराने परत केली.

बूट. पावागढ चढलेले बूट तसेच नेले तर तळाची माती तिथे अडवतील. ब्रशने घासून, धुऊन, वाळवून न्या. तंबू, चालायची काठी असेल तर तीही.

वाटेत विमानात सफरचंद किंवा केळं देतात आणि लोक ते पर्समध्ये टाकतात. त्याच फळापायी कित्येकांना दंड होतो. खा, नाहीतर विमानातच सोडा.

आता हातातल्या बॅगेत काय: औषधं, चष्मा, एक जोड कपडे, कागद, पॉवर बँक. पॉवर बँक मोठ्या बॅगेत कधीच नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची हातात चालते, २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. काही कंपन्या विमानात तिने चार्जिंग करू देत नाहीत. द्रव पदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटल्यांत, आणि लोणचं, चटणी हेही त्यात मोजतात. सुकं खोबरं नेऊ नका. तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. तीन महिन्यांपुरती नेता येतात. इन्सुलिन हातातच ठेवा, खालच्या कप्प्यात ते गोठू शकतं. आयुर्वेदिक चूर्ण आणि काढेही फॉर्मवर लिहायचे.

प्लगचं वेगळं अडॅप्टर लागतं, तिरक्या पात्यांचं. व्होल्टेज आपलंच, २३०.

८. घर ते अहमदाबाद

एक्सप्रेसवे ९३ किलोमीटरचा आहे आणि तो बहुतेक मोकळा असतो. वेळ खातात ती दोन्ही टोकं: बडोद्यातून बाहेर पडणं आणि अहमदाबादेत शिरून हंसोलच्या बाजूला पोचणं. आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून सुटतात, ड्रायव्हरला हे आधीच सांगा. विमानाच्या तीन तास आधी तिथे, आणि घर ते विमानतळ तीन तास धरा. नवरात्रीत रात्री निघायचं असेल तर आणखी एक तास. काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं आणि मग कुणाचीही विनंती चालत नाही.

दहा तास आधी टॅक्सीवाल्याला पुन्हा फोन करा. एका दुसऱ्या गाडीवाल्याचा नंबर खिशात ठेवा.

वर्षातून दोनदा-तीनदा परदेशी जाणारे असाल तर 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन'ची सरकारी नोंदणी करून ठेवा. ती मोफत आहे आणि अहमदाबादला जानेवारी २०२५ पासून सुरू आहे.

निघायच्या आधीच्या २४ तासांत न्यूझीलंडचा 'ट्रॅव्हलर डिक्लेरेशन' फॉर्म ऑनलाइन भरायचा. तोही मोफत. त्याचे पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही.

९. विमानातले पंधरा तास

विमान कितीही उंच उडो, आतली हवा १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असल्यासारखी विरळ असते. अबूचं गुरुशिखर १,७२२ मीटर. म्हणजे रात्रभर आपण गुरुशिखराच्याही वर बसलेले असतो. हवा अतिशय कोरडी, आर्द्रता २० टक्क्यांच्या आत. म्हणून डोकं दुखतं, नाक सुकतं, पाय सुजतात. दर तासाला थोडं पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका. प्रसाधनगृहाची रांग नको म्हणून वयस्क बायका पाणीच पीत नाहीत. त्यांच्याशी याबद्दल आधी बोला.

चार तासांहून जास्त बसून राहिलं की पायाच्या शिरेत रक्त गोठायचा धोका वाढतो. दीड-दोन तासांनी उठून मधल्या वाटेने फिरा, बसल्या जागी घोटे फिरवा, टाचा वर-खाली करा. पूर्वी असा त्रास झालेला असेल, नुकतं ऑपरेशन झालेलं असेल किंवा गरोदरपण असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. घट्ट मोजे घ्यायचेही त्यांच्याच सल्ल्याने. गोळ्यांच्या वेळा साडेसात तासांनी कशा सरकवायच्या, हेही लिहूनच घ्या. मी सासूबाईंसाठी एक तक्ता करून त्यांच्या पिशवीत चिकटवला होता.

बसल्याबरोबर घड्याळ ऑकलंडच्या वेळेवर लावा. तिथे रात्र असेल तेव्हा झोपायचा प्रयत्न करा.

१०. उतरल्यावर

पुढे तिथल्याच दुसऱ्या शहरात विमानाने जायचं असलं, बॅगेवर शेवटच्या शहराचं नाव असलं, तरी न्यूझीलंडमध्ये जिथे पहिल्यांदा उतरता तिथे बॅगा स्वतः घ्याव्या लागतात. इमिग्रेशन, बॅगा, मग खाऊची तपासणी, आणि मग देशांतर्गत टर्मिनल. ऑकलंडला ते वेगळ्या इमारतीत आहे, दहा मिनिटं चालत. तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. आणि देशांतर्गत विमानांच्या सगळ्यात स्वस्त तिकिटात बॅग धरलेली नसते, तीही आधी मोजा.

पूर्वेला जाताना जेटलॅग जास्त जाणवतो. पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. उजेडात बाहेर फिरा, दुपारी झोप आलीच तर अर्धा तास. गाडी भाड्याने घेणार असाल तर पहिल्या दिवशी चालवू नका, मग ती कितीही सोपी वाटो. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे आत्मविश्वास लवकर येतो. पण शहराबाहेर १०० ची वेग मर्यादा, वळणं, एकाच गाडीपुरते पूल आणि डोळ्यांवर आपल्या वेळेची झोप. आपला इंग्रजीतला परवाना चालतो. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन ठेवा, तो एक वर्ष चालतो. सात वर्षांखालच्या मुलांना वेगळी सीट कायद्याने लागते, गाडीबरोबरच ती मागवा. तातडीच्या मदतीचा क्रमांक १११.

आम्ही पहिल्या दिवशी फक्त समुद्राकाठी बसलो. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पॅसिफिक महासागर पाहिला, पायातल्या चपला काढून पाण्यात उभ्या राहिल्या आणि लाटेला हात जोडले. मुलगी वाळूत त्यांचं नाव लिहीत होती.